'सेव्हिलचा न्हावी' पडद्यावर : चित्रमुद्रणं पारखायची कशी?

कोमल_निषाद

इटालियन संगीतकार रोसिनीच्या 'इल बार्बिएरे दि सिविल्या' या विनोदी ऑपेराची, म्हणजे आपल्या 'बार्बर'ची, इतकी चित्रमुद्रणं उपलब्ध आहेत की निवड करताना डोकं फिरतं. परीक्षणं वाचावीत तर सगळीकडे 'गायन सुरेख, सादरीकरण खेळकर'. त्यावरून दोन मुद्रणांत फरक काय, ते कळत नाही. म्हणून हा धागा. 'आवडलं / नाही आवडलं' नको, तपासायच्या नेमक्या जागा सांगा.

नवख्यांसाठी गोष्ट एका वाक्यात : म्हातारा डॉक्टर बार्तोलो आपल्या ताब्यातल्या रोझीनाला घरात कोंडून तिच्याशीच लग्न करायला बघतो, आणि काउंट अल्माविवा फिगारो न्हाव्याच्या मदतीने तिला सोडवायला येतो. माझ्या जागा अशा. पहिल्या अंकात बार्तोलो रोझीनाला झापतो तिथे रोसिनीचं 'आ उन दोत्तोर' आहे, की त्याच्याऐवजी पिएत्रो रोमानीचं सोपं 'मांका उन फोल्यो' घुसवलंय? दुसरी जागा रोझीनाचं 'ऊना वोचे पोको फा' : कुठल्या पट्टीत आहे? तिसरी, संगीतशिक्षक बाझिलियोचं 'ला कालुन्निया' (बदनामी कशी पसरते त्याचं गाणं) : कुजबुजीपासून तोफेपर्यंतचा चढ खरोखर ऐकू येतो का? चौथी, पहिल्या अंकाचा शेवट : सगळे पुतळ्यासारखे थिजतात तेव्हा कॅमेरा काय करतो? आणि पाचवी, शेवटाकडचं अल्माविवाचं 'चेस्सा दि प्यू रेझिस्तेरे' : ठेवलंय की कापलंय?

आता वादाचा मुद्दा. दिग्दर्शक पोनेलच्या १९७२ च्या चित्रपटाला (गायक प्राय, बेर्गान्झा, आल्वा, दारा, मोंतारसोलो, कंडक्टर आबादो) सगळे मापदंड धरतात. मला ते मान्य नाही. मिलानच्या स्काला ऑपेराच्या वाद्यवृंदाबरोबर गाणं आधी मुद्रित केलं आणि मग कॅमेऱ्यासमोर ओठ हलवले. त्याची तुलना नाट्यगृहातल्या मुद्रणाशी कशी करणार?

सव्वाशेर

प्लेबॅकवर वाढलेल्या देशाने ओठ हलवण्याला नावं ठेवावीत? :)

कोमल_निषाद

@सव्वाशेर, आपल्याकडे गाणारा एक आणि दिसणारा दुसरा, त्यामुळे तक्रारच नसते. इथे आवाज आणि चेहरा एकाच माणसाचा. फिगारोच्या 'लार्गो आल फाक्तोतुम'मध्ये वरचा सूर लागतो तेव्हा प्रायचा जबडा आणि मान निवांत दिसतात. कानाला कष्ट ऐकू येतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

तिसरी_घंटा

गायनाचा मापदंड नसेल, कॅमेऱ्याचा नक्की आहे. पोनेलची दृश्यं स्वरलिपीवर कापलेली आहेत. रोसिनीच्या चढामध्ये तोच तुकडा पुन्हा येतो आणि दर वेळी वाद्यं वाढत जातात. पोनेल तिथे प्रत्येक फेरीला नवं दृश्य देतो, फेरीच्या मध्ये कात्री लावत नाही. थेट प्रक्षेपणात कॅमेरे बदलणाऱ्या, स्विचरवरच्या माणसाकडे स्वरलिपी नसेल, किंवा असून तो अर्धी मात्रा मागे असेल, तर कट तालाबाहेर पडतात. हा दोष एकदा दिसायला लागला की मग दिसतच राहतो. त्यामुळे तुमच्या यादीत सहावी जागा : ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कट समेवर पडतात का, ते बघा.

शिवाय तो चित्रपट ज्या आवृत्तीवर उभा आहे ती आल्बेर्तो झेद्दांची १९६९ ची चिकित्सक आवृत्ती. तोवर चालत आलेली बरीच जास्तीची भर तिने काढून टाकली. ऐतिहासिक महत्त्व त्याचं.

आलापिनी

पट्टीबद्दल सविस्तर, कारण इथे फसगत होते.

रोझीनाची भूमिका रोसिनीने जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी या कॉन्ट्राल्टोसाठी, म्हणजे सर्वांत खालच्या स्त्री-आवाजासाठी, लिहिली. 'ऊना वोचे' मूळ ई मेजरमध्ये, आपल्या भाषेत पांढरी तीन. पुढे सोप्रानोंनी (उंच स्त्री-आवाजांनी) ही भूमिका उचलली आणि ते एफमध्ये, म्हणजे पांढरी चारमध्ये, गाण्याची रीत पडली. अर्धा स्वर वर जाऊन फार काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते खालच्या अंगाला. रोझीना 'मी गरीब गाय, पण मला डिवचलंत तर नागीण होईन' असं सांगते, त्यातला 'पण' हा सगळा मध्य आणि मंद्रात आहे. तिथे आवाजाला वजन नसेल तर ती नुसती लाडिक पोर वाटते. बेर्गान्झा, श्वेत्झिंगेन १९८८ ची चेचिलिया बार्तोली, १९९२ च्या आम्स्टरडॅममधली जेनिफर लारमोर आणि जॉइस दिदोनातो या मेझो, म्हणजे मधल्या आवाजाच्या. मेट (न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा) १९८९ ची कॅथलीन बॅटल, माद्रिद २००५ ची मारिया बायो आणि ग्लाइंडबर्न २०१६ ची डॅनिएल दि नीस या सोप्रानो.

तपासायला तानपुऱ्याचं कुठलंही ॲप चालेल. पांढरी तीन लावा आणि आरियाचा (एकल गाण्याचा) शेवटचा झणकार त्यावर बसतो का बघा. सुरुवातीवरून ठरवू नका, शेवटच बघा. युरोपीय वाद्यवृंद ४४० हर्ट्झपेक्षा किंचित वर लावलेले असतात, त्यामुळे बारीक फरक येईल तो सोडून द्या. जुन्या धाटणीच्या वाद्यांचा वृंद ४३० च्या आसपास असेल तर उलट थोडं खाली ऐकू येईल.

'ला कालुन्निया'चीही हीच गत. मूळ डीमध्ये, बहुतेक बास (खर्जाचे पुरुष गायक) ते सीमध्ये उतरवून गातात. ते मला चालतं. वरचा एफ शार्प ओरडून लावण्यापेक्षा एक स्वर खाली येऊन शब्द नीट फेकलेले बरे.

पडद्यामागे

@आलापिनी, तुमच्या ॲप-चाचणीत एक खड्डा आहे. सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेली फिल्म युरोपीय पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ चौकटींनी चालवली जाते. वेग ४ टक्के वाढतो आणि सूर दुरुस्त केला नसेल तर तो अर्ध्या स्वराच्या ७० टक्के वर चढतो. म्हणजे पांढरी तीनमधलं गाणं पांढरी चारच्या जवळ जातं आणि आपण बिचाऱ्या मेझोवर आळ घेतो. ओळखायची खूण : ओव्हर्चरही त्याच प्रमाणात चढलेलं असेल. ओव्हर्चरचा वेगवान भाग ई मेजरमध्येच संपतो. तोच ॲपवर लावून बघा. दोन्ही सारखे चढले असतील तर दोष तबकडीचा. ओव्हर्चर जागेवर आणि आरिया वर असेल तर पट्टी बदललेली. नाट्यगृहात व्हिडिओवर मुद्रित केलेल्या गोष्टींना ही भानगड नसते.

आता 'ला कालुन्निया'. दूरदर्शन-प्रक्षेपणासाठी आवाजाची दरी बुजवतात : हळू ते मोठं करतात आणि मोठं ते दाबतात. या आरियाचा तिथेच जीव जातो. सुरुवातीला तंतुवाद्यं घोडीजवळ गज ओढतात, तो खरखरीत, कुजकट आवाज हलकेच यायला हवा. ती कुजबुज जेमतेम ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि हात लावू नका. तोफेच्या जागी, मोठ्या ढोलाच्या ठोक्याला, दचकलात तर मुद्रण ठीक. सोफ्यावर निवांत बसलेलेच असाल तर तिथे कॉम्प्रेसर लावलेला आहे. तबकडीवर स्टिरिओ आणि सराउंड असे दोन मार्ग असतील तर दोन्ही लावून पाहा; पुष्कळदा एकच दाबलेला असतो.

ओठ आणि आवाज जुळतात का, हे तपासायला पडदा उघडल्यावरचा पहिलाच कोरस उत्तम : 'पियानो, पियानिस्सिमो'. 'प'ला ओठ मिटावेच लागतात. एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज चित्राच्या आधी आला तर डोळ्याला लगेच खुपतं, मागून आला तर बरंच खपतं. पण मुद्रणाला दोष देण्याआधी टीव्हीतल्या चित्र-सुधारणा बंद करा. त्या चित्र उशिरा दाखवतात आणि आवाज पुढे पळतो. तेही नको असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये आवाज मागे सारायची सोय असते.

केशकर्तनालय

पियानो, पियानिस्सिमो... आणि मग पैसे मिळाल्यावर तेच वादक आख्खी गल्ली जागी करतात. आभार मानण्याचा इतका गोंगाट दुसऱ्या कुठल्या ऑपेरात नसेल.

पिटातला_प्रेक्षक

सगळे कानाचं बोलताहेत. चित्रमुद्रण आहे, तर डोळ्याचंही बघू.

'बार्बर'चं कथानक वस्तूंवर चालतं, आणि कॅमेरा ती वस्तू वेळेवर दाखवतो की नाही यावर विनोद टिकतो किंवा मरतो. माझ्या चार वस्तू. एक, चिठ्ठी. 'दुंक्वे ईओ सोन' या युगुलगीतात फिगारो रोझीनाला चिठ्ठी लिहायचा आग्रह करतो आणि ती आधीच लिहिलेली चिठ्ठी काढून देते. त्या क्षणी फिगारोचा चेहरा हवा. निम्म्या मुद्रणांत कॅमेरा रोझीनावरच चिकटलेला असतो. दोन, कागद. बार्तोलो मोजून सांगतो की सहा होते, आता पाच आहेत, बोटाला शाई आहे आणि लेखणीला टोक काढलंय. हे पुरावे मंचावर दिसायला हवेत, नाहीतर पुढची सहा-सात मिनिटं तो विनाकारण चिडल्यासारखा वाटतो.

तीन, किल्ली. सगळ्यात जास्त चुकते ती हीच. दुसऱ्या अंकात दाढीच्या प्रसंगी फिगारो जुडग्यातून बाल्कनीची किल्ली लांबवतो आणि आत भांडी फोडून बार्तोलोला पळवतो. हा क्षण रेसिटाटिव्हमध्ये (गाण्यांमधल्या गायलेल्या संवादात) भुर्रकन जातो. तो निसटला की मध्यरात्री हे दोघे बंद खोलीत आले कसे, हे नवख्या माणसाला कळत नाही. चार, शिडी. 'झित्ती झित्ती' या त्रिगीतात तिघं 'चला, गुपचूप निघूया' असं इतका वेळ गातात की निघणं राहूनच जातं, आणि तोवर शिडी गायब. बार्तोलोनेच ती काढून नेली, आणि त्यामुळेच ते आत अडकून तिथल्या तिथे लग्न उरकतात. 'व्यर्थ खबरदारी' हे ऑपेराचं मूळ उपशीर्षक इथे फळाला येतं. शिडी काढतानाचा एखादा लांबचा शॉट तरी हवाच.

आणि पहिल्या अंकाचा शेवट. 'फ्रेद्दो एद इम्मोबिले' सुरू होतं तेव्हा रोझीनापासून मोलकरीण बेर्तापर्यंत सगळे गोठलेले असतात. इथे दर ओळीला नव्या चेहऱ्याचा क्लोजअप म्हणजे गुन्हा. गंमत 'कुणीच हलत नाही' यात आहे आणि ती पूर्ण मंच दिसल्याशिवाय कळत नाही. त्यानंतरचा वेगवान भाग म्हणजे 'डोकं लोहाराच्या भट्टीत सापडलंय, ऐरणीचे घाव पडताहेत'. मेट २००७ मध्ये बार्टलेट शेरने खरोखरच वरून महाकाय ऐरण उतरवली. लंडन २००९ मध्ये लायझर आणि कोरिए यांनी आख्खी खोलीच डोलवली. दुसरी कल्पना जास्त चांगली, कारण ती संगीताबरोबर हलत राहते. ऐरण एकदा खाली आली की पुढे तिचं करायचं काय?

ढब्बू_पैसा

+१, किल्लीच्या मुद्द्याला खास.

पण 'चेस्सा दि प्यू'च्या मुद्द्यावर भांडण. कोमल_निषाद यांचा सूर असा की ते कापलं म्हणजे मुद्रण कमी प्रतीचं. का बुवा? वादळ झालंय, शिडी गेलीय, नोटरी आलाय, लग्न झालंय. नाटक संपलं! त्यावर टेनरची (उंच पुरुष-आवाजाची) आठ मिनिटांची, तीन भागांची आरिया, सगळ्यांना उभं करून. गायकाला खूश करण्यापलीकडे त्यात काय आहे?

कोमल_निषाद

गायकाला खूश करायचंच होतं. पहिला अल्माविवा होता मान्वेल गार्सिया. २० फेब्रुवारी १८१६ ला रोममध्ये तेआत्रो आर्जेंतिनात पहिला प्रयोग झाला तेव्हा ऑपेराचं नावच 'अल्माविवा' होतं. पाइझिएल्लो या आधीच्या संगीतकाराचा 'बार्बर' लोकांच्या आवडीचा होता, म्हणून वेगळं नाव घेतलं, हे एक. पण नायकही तोच. ती आरिया काढली की काउंट हा फिगारोच्या मागे फिरणारा प्रेमवीर उरतो. ती असली की तो शेवटी वेष उतरवून सरंजामदार म्हणून बार्तोलोला दटावतो : 'विरोध पुरे.'

आलापिनी

आणि ती गाता येणारे टेनर मधल्या काळात नव्हते, हे खरं कारण. तानांचा पल्ला आणि वेग बघा. आल्वा सुंदर गायक, पण पोनेलच्या चित्रपटात ती नाही. मेट १९८९ मध्ये रॉकवेल ब्लेकने ती गायली. फ्लोरेस २००५, २००७ आणि २००९ या तिन्ही मुद्रणांत गातो. तिचा शेवटचा भाग रोसिनीने पुढच्याच वर्षी 'चेनेरेन्तोला' या ऑपेराच्या नायिकेला दिला, आणि तिथे तो कुणी कापत नाही!

ब्लेक आणि फ्लोरेस लागोपाठ ऐका. ब्लेकचा आवाज कोरडा, पण प्रत्येक तानेतला दाणा सुटा. फ्लोरेसकडे गोडवा जास्त आणि वरचे सूर सहज. तुलनेसाठी पुनरावृत्तीची जागा धरा : दुसऱ्या फेरीत नवी सजावट केली की तेच परत?

ढब्बू_पैसा

ठीक, गाणं मान्य. पण मग त्या आठ मिनिटांत इतरांनी काय करायचं, हे दिग्दर्शकाने सोडवलंय का, हाही निकष धरा. नुसते रांगेत उभे राहून माना डोलावत असतील तर गुण कापा.

तिसरी_घंटा

सहमत. माद्रिद २००५ मध्ये एमिलिओ साजीने काळ्या-पांढऱ्या मंचावर शेवटाकडे रंग आणलेत, म्हणजे डोळ्याला काहीतरी घडत राहतं.

सव्वाशेर

लंडन २००९ म्हणजे तेच ना, ज्यात रोझीना चाकाच्या खुर्चीत आहे? हा दिग्दर्शकाचा आगाऊपणा की काय?

पिटातला_प्रेक्षक

अपघात. दिदोनातोचा पाय पहिल्या प्रयोगात मंचावरच मोडला. तो प्रयोग तिने काठीच्या आधाराने पुरा केला आणि पुढचे खुर्चीत बसून केले. मुद्रण त्या पुढच्या प्रयोगांचं. त्यामुळे परीक्षण करताना हालचालींची आखणी दिग्दर्शकांची मूळची नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. गंमत अशी की कोंडलेल्या मुलीच्या गोष्टीला खुर्ची विलक्षण शोभते, आणि संतापली की ती चाकं जी फिरवते! कंडक्टर पाप्पानोचा वाद्यवृंद रेसिटाटिव्ह संपता संपता पुढचा तुकडा उचलतो, एक क्षण वाया जात नाही.

आलापिनी

अवांतर : रेसिटाटिव्हवरही गुण ठेवा. ती बहुतांशी रोसिनीच्या हातची नाहीत, म्हणून कंडक्टर बिनदिक्कत छाटतात. छाटा, पण किल्लीचं वाक्य ठेवा. साथीला हार्प्सिकॉर्ड आहे की फोर्तेपियानो, यापेक्षा वाजवणारा संवादाला उत्तर देतो का, ते महत्त्वाचं. आणि वेग बोलण्याचाच हवा. 'आता मी गातोय' असा सूर लागला की विनोद गेला.

सव्वाशेर

मग हशाचं काय? प्रेक्षक हसले तर मुद्रण चांगलं, असा साधा निकष का नको? वन्स मोअर मिळालेली नाट्यपदं आपण तशीच मोजतो.

पडद्यामागे

दोन अडचणी. नाट्यगृहात वर भाषांतराची पट्टी असते. ओळ गायली जाण्याआधी पट्टी दिसली तर हशा आधी येतो आणि गायकाचा टायमिंगचा डाव वाया. तोच प्रकार आपल्या इंग्रजी सबटायटलचा. म्हणून दुसऱ्यांदा बघताना सबटायटल बंद ठेवा. दुसरी अडचण म्हणजे 'प्रत्यक्ष प्रयोग' असं लिहिलेल्या तबकड्या पुष्कळदा दोन-तीन रात्री जोडून केलेल्या असतात. टाळ्या एकदम तुटल्या, किंवा घामाने चिकटलेले केस पुढच्या शॉटमध्ये कोरडे दिसले, की समजा. यात फसवणूक नाही, पण हशा कुठल्या रात्रीचा ते सांगता येत नाही.

आणि रोम २०२०! दिग्दर्शक मार्तोनेने महासाथीत रिकाम्या नाट्यगृहात, खुर्च्यांवरून दोरांचं जाळं ताणून, खालीवर सगळीकडे गायक फिरवून केलेलं. कंडक्टर गात्ती. हशा शून्य. तुमच्या निकषाने नापास, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने पोनेलनंतरचं सर्वांत विचारपूर्वक काम तेच. प्रेक्षकाची एक ठराविक खुर्चीच नसल्याने कॅमेरा कुठेही जाऊ शकतो.

तिसरी_घंटा

पण आरियानंतरची ती शांतता! 'लार्गो आल फाक्तोतुम' संपतं आणि... काही नाही. रोसिनीने टाळ्यांसाठी सोडलेली जागा पोकळ राहते. विचारपूर्वक असेल, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला दाखवू नये.

केशकर्तनालय

मूळ प्रश्न 'कुठलं घ्यावं' होता बहुतेक. चाकाची खुर्ची, ऐरण, दोर, सगळं झालं. नवख्याने काय बघावं?

कोमल_निषाद

घेतो गोळाबेरीज. पोनेलबद्दल तिसरी_घंटा यांचं पटलं : कॅमेऱ्याचा मापदंड म्हणून तो राहू दे, गायनाचा नाही.

पहिलंच बघणार असाल तर लंडन २००९. किल्ली आणि शिडी समजतात, शेवटचं गाणं आहे, कोर्बेल्लीचा बार्तोलो दुष्टही आहे आणि दयनीयही. मेट २००७ मध्ये पिटाभोवतीच्या लाकडी वाटेवरून गायक वाद्यवृंदाच्या पुढे येतात, त्यामुळे क्लोजअप छान मिळतात. पेटर माटेईचा फिगारो या सगळ्यांत माझ्या मते पहिला. रोझीनाच्या आवाजासाठी श्वेत्झिंगेन १९८८ : हाम्पेचं दिग्दर्शन साधं, पण छोटं नाट्यगृह असल्याने कुणाला आवाज फुगवावा लागत नाही.

एक अभ्यास सुचवतो. एन्झो दाराचा बार्तोलो १९७२ आणि १९८९ असा दोनदा उपलब्ध आहे. 'आ उन दोत्तोर'चा झपाट्याचा भाग दोन्हीकडे लावा. पहिल्यात ओठ नंतर हलवलेले, दुसऱ्यात प्रत्यक्ष. श्वास कुठे घेतो ते पेन्सिलीने नोंदवा. तसंच पिएत्रो स्पान्योली : माद्रिद आणि लंडनमध्ये फिगारो, पेझारो २०१८ मध्ये बार्तोलो. दोन्ही बाजूंनी वस्तरा हाताळलेला माणूस.

पडद्यामागे

विकत घेणाऱ्यांसाठी : पोनेलचं काम फिल्मवर असल्याने त्याच्या ब्लू-रेत खरोखर जास्त तपशील मिळू शकतो. ऐंशीच्या दशकातली व्हिडिओवरची मुद्रणं मात्र ब्लू-रेवर नुसती ताणलेली असतात, तिथे डीव्हीडी पुरे. ती ४:३ आकाराची आहेत. टीव्हीने रुंद करून दाखवली तर सगळेच बार्तोलो दिसतील.

ढब्बू_पैसा

बेर्ताच्या गाण्यावर कुणीच बोललं नाही. दुसऱ्या अंकात त्या बाईला एकच आरिया, तीही इटलीत प्रेक्षक सरबत घ्यायला उठायचे त्या वेळेची. तिथे कॅमेरा म्हाताऱ्या मोलकरणीवर टिकतो की इकडेतिकडे फिरतो, हेही तपासा. टिकला असेल तर दिग्दर्शकाला ऑपेरा आवडतो.